पेन्शन : उपकार, बचत की वचन?

सातपूर आणि अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले कामगार पेन्शनबद्दल बोलू लागले की तीन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘सरकारनं म्हाताऱ्या माणसांकडे बघायला पाहिजे.’ दुसरे, ‘आमचेच पैसे आहेत, भीक मागत नाही.’ तिसरे त्या मानाने कमी ऐकू येते आणि ते बहुधा एखादा जुना युनियनवाला बोलतो, ‘असं ठरलं नव्हतं.’ बोलणाऱ्याला ही तिन्ही वाक्ये एकच वाटतात. एका दमात तो ती बोलून टाकतो, मोर्चाच्या फलकांवरही ती शेजारीशेजारी असतात. पण ती एक नाहीत. पहिले वाक्य दयेचे आहे, दुसरे मालकीचे आणि तिसरे वचनाचे. आपण कोणते वाक्य खरे मानतो, त्यावर किती मागायचे, कोणाकडे मागायचे आणि कोणाच्या वाट्यातून मागायचे, हे सगळे बदलते.

मी सातपूरच्या एका कारखान्यात मशीनवर नोकरी केली, काही वर्षे युनियनच्या कमिटीत होतो आणि निवृत्तीनंतर रविवारी सकाळी इतरांचे पेन्शनचे अर्ज भरून देतो. अर्ज भरताना माणसे हिशेब विचारतात. हिशेब सांगता येतो. पण त्यानंतर ‘हे बरोबर आहे का?’ असा प्रश्न येतो, तेव्हा नुसता हिशेब पुरत नाही. हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. मात्र तिथे जाण्यासाठी आधी हिशेब नीट समजून घ्यावा लागेल. या विषयावरचे बरेचसे भांडण योजना न समजताच होते.

१९९५च्या आधी खासगी कारखान्यातल्या कामगाराला स्वतःची अशी पेन्शन नव्हती. पीएफ होता, ग्रॅच्युइटी होती आणि १९७१ची कुटुंब पेन्शन योजना होती. ती कामगार नोकरीत असताना वारला तर घरच्यांना आधार देत असे. जिवंत निवृत्त होणाऱ्याला महिन्याच्या महिन्याला काही मिळत नसे. १६ नोव्हेंबर १९९५ रोजी कर्मचारी पेन्शन योजना आली. हीच लोकांच्या तोंडची ‘ईपीएस पंच्याण्णव’. कामगाराच्या पगारातून कापलेले १२ टक्के पूर्णपणे पीएफमध्ये जातात. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात आणि उरलेले ३.६७ टक्के पीएफमध्ये. केंद्र सरकार आपले १.१६ टक्के घालते. पण हे पेन्शनचे ८.३३ टक्के खऱ्या पगारावर मोजत नाहीत, ठरवून दिलेल्या कमाल पगारावर मोजतात. ती मर्यादा आधी ५,००० होती, जून २००१पासून ६,५०० झाली आणि १ सप्टेंबर २०१४पासून १५,०००. म्हणजे पगार चाळीस हजार असला तरी नेहमीच्या हिशेबात पेन्शन फंडात महिन्याला १,२५० रुपयेच जातात.

पेन्शनचे सूत्र एका ओळीचे आहे : पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षे, भागिले सत्तर. वीस वर्षे सेवा पूर्ण असेल तर दोन वर्षे जादा धरतात. पेन्शनपात्र पगार म्हणजे आधी शेवटच्या बारा महिन्यांची सरासरी होती, २०१४पासून साठ महिन्यांची झाली. अठ्ठावन्नाव्या वर्षी पेन्शन सुरू होते. पन्नाशीनंतर आधी घेता येते, पण प्रत्येक अलीकडच्या वर्षाला चार टक्के कमी होते. किमान दहा वर्षांची सेवा लागते. नवरा वारला की बायकोला त्याच्या पेन्शनची निम्मी मिळते, पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना वेगळी. दोघेही गेले आणि मुले मोठी झालेली असली, की खाते संपले. मागे राहिलेली मुद्दल कोणाला परत मिळत नाही. आधी पेन्शनचा काही भाग एकरकमी घेण्याची आणि मुद्दल परत मिळण्याची सोय होती, ती २००८मध्ये बंद झाली.

पंधरा हजारांच्या मर्यादेवर अगदी पूर्ण पस्तीस वर्षे धरली तर पेन्शन होते साडेसात हजार. पण एवढी वर्षे त्या मर्यादेवर झालेला माणूस अजून निवृत्तच झालेला नाही, कारण २०१४च्या आधीची सेवा जुन्या मर्यादेने मोजली जाते. साडेसहा हजारांच्या काळात निवृत्त झालेल्याच्या १९९५नंतरच्या सोळा वर्षांचे होतात सुमारे १,४८६ रुपये, आणि त्याआधीच्या सेवेपोटी तक्त्यानुसार थोडी भर. हा आकडा ऐकून समोरचा माणूस गप्प बसतो. मग म्हणतो, ‘दादा, परत एकदा करून बघा.’

आता दुसरे वाक्य घेऊ, कारण ते सर्वांत जोरकस आहे. आमचेच पैसे आहेत. समजा एखाद्याचे महिन्याला १,२५० असे सलग तीस वर्षे जमा झाले आणि त्यावर सरासरी आठ टक्के व्याज मिळाले. तीस वर्षांनी साडेअठरा लाखांच्या वर रक्कम उभी राहते. त्या रकमेचे नुसते आठ टक्क्यांनी व्याज महिन्याला बारा हजारांच्या वर जाते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. योजना त्याला किती देते? पंधरा हजार गुणिले बत्तीस, भागिले सत्तर. ६,८५७ रुपये. मुद्दल गेली ती गेलीच. हा हिशेब कागदावर मांडला की योजनेच्या बाजूने बोलणे कठीण होते. बँकेतल्या कोणत्याही कारकुनाने असा सौदा सुचवला असता तर आपण उठून आलो असतो.

तरीही हे वाक्य मला पुरेसे वाटत नाही. याचे कारण अर्ज भरायला येणाऱ्यांतच आहे. तिथे फक्त तीस वर्षे नोकरी केलेले पुरुष येत नाहीत. नवरा नोकरीला लागून दोन-तीन वर्षांत अपघाताने गेला, अशी पदरात लहान मूल असलेली बाई येते. त्या माणसाच्या नावावर फंडात काही हजार रुपये जमा असतील. ‘ज्याचे पैसे त्याला’ हा न्याय लावला तर तिच्या हातात ते काही हजार ठेवून निरोप द्यावा लागेल. योजना तसे करत नाही. नोकरीत असताना कामगार वारला तर एक महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन सुरू होते, मुलांना पंचविशीपर्यंत मिळते. कामावर कायमचे अपंगत्व आले तरी दहा वर्षांची अट आड येत नाही. हे पैसे कुठून येतात? जे तीस वर्षे भरतात आणि लवकर जातात, ज्यांच्या मागे घेणारे कोणी उरत नाही, त्यांच्या मुद्दलातून. भिशीत आपला नंबर लागला की आपली रक्कम पूर्ण मिळते. इथे तसे नाही. पाऊस सगळ्यांच्या शेतात सारखा पडत नाही म्हणून काढलेली ही सामायिक विहीर आहे. आपण तिच्यात किती घागरी ओतल्या हे मोजून तेवढ्याच परत मागणारा माणूस विहिरीची कल्पनाच नाकारतो.

म्हणून बचतीचा दावा पुरता लावला तर तो आपल्याच शेजारणीच्या ताटातला घास काढतो. युनियनमध्ये आयुष्य घालवलेल्या माणसाने तो जपून वापरावा. विमा आणि बचत यांतला फरक आम्ही सभांमध्ये कधी नीट समजावला नाही, आणि व्यवस्थापनाला तो समजावण्याची गरज नव्हती.

पहिले वाक्य दयेचे. २०१४मध्ये किमान पेन्शन हजार रुपये झाली. सूत्राप्रमाणे ज्यांची पेन्शन हजाराच्या आत येत होती, त्यांची तूट सरकारने भरायची असे ठरले. सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायकांसारख्या थोड्या मजुरीवर आयुष्य काढलेल्यांना याचा खरा उपयोग झाला. दोन हजार गुणिले पंधरा, भागिले सत्तर केले तर ४२८ रुपये होतात. त्यांचे हजार होणे लहान गोष्ट नाही. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २०१३मध्ये, भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्यसभेच्या याचिका समितीने किमान पेन्शन तीन हजार करावी असे सुचवले होते. कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले, हजाराचे तीन हजार मात्र झाले नाहीत. डिसेंबर २०१८पासून बुलढाण्यात पेन्शनधारकांचे साखळी उपोषण सुरू झाले. साडेसात हजार किमान पेन्शन, त्यावर महागाई भत्ता आणि नवरा-बायकोला मोफत उपचार ही त्यांची मागणी. २०२४मध्ये देशभरात या योजनेचे सुमारे ७८ लाख पेन्शनधारक होते.

या मागणीशी माझे भांडण नाही. भांडण तिच्या सुराशी आहे, विशेषतः ती मांडताना ‘म्हाताऱ्यांवर दया करा’ असे आम्हीच म्हणू लागतो तेव्हा. दया मागणाऱ्याला रक्कम ठरवता येत नाही. देणाऱ्याच्या मनात येईल ती, येईल तेव्हा. आणि मिळाल्यावर हात जोडावे लागतात. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी डी. एस. नाकारा खटल्यात निवृत्त सरकारी नोकरांबद्दल हा मुद्दा निकालात काढला. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या घटनापीठाचे म्हणणे असे की पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली बक्षिसी नाही. ती आधी केलेल्या सेवेचा मोबदला आहे. तो निकाल सरकारी पेन्शनबद्दल होता, ईपीएसला तो जसाच्या तसा लागू होत नाही. पण त्यातला विचार सातपूरच्या फिटरला लागू होऊ नये असे काही कारण मला दिसत नाही. मालकाने पेन्शन फंडात भरलेले ८.३३ टक्के हे मालकाचे दान नव्हते. पगाराचा करार करताना कंपनी नेहमी कामगारावर होणारा एकूण खर्च मांडते आणि त्यात ही वर्गणी धरलेली असते. तो खर्च मोजूनच आमची पगारवाढ ठरायची. म्हणजे हातात न आलेली ती मजुरीच होती.

आता उरते तिसरे वाक्य. असं ठरलं नव्हतं. मग ठरले काय होते?

कागदावर पाहिले तर सूत्र ठरले होते आणि ते सूत्र पाळले जात आहे. सत्तरने भागायचे ठरले होते, सत्तरनेच भागतात. वचन मोडले असे कोर्टात सिद्ध करणे कठीण आहे. तरीही ‘असं ठरलं नव्हतं’ म्हणणारा माणूस खोटे बोलत नाही. त्याला सांगितले गेले होते की म्हातारपणी दर महिन्याला पेन्शन मिळेल. पेन्शन या शब्दाचा अर्थ त्याने आपल्या आसपास पाहून लावला होता. नाशिकमध्ये तो पाहणे सोपे आहे. कोणाचा भाऊ रेल्वेत, कोणाचा मेहुणा जिल्हा परिषद शाळेत मास्तर, कोणाचे सासरे नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त. त्यांची पेन्शन दरवर्षी थोडी वाढते, कारण तिला महागाई भत्ता जोडलेला असतो. ईपीएसच्या पेन्शनला तो जोडलेला नाही. सुरुवातीच्या काही वर्षांत फंडाच्या मूल्यांकनानंतर थोडी वाढ दिली गेली, नंतर ती थांबली. अठ्ठावन्नाव्या वर्षी जो आकडा ठरला, तोच ऐंशीव्या वर्षी.

महागाई वर्षाला पाच टक्के धरली तर चौदा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते, बावीस वर्षांत साधारण एकतृतीयांश. वर ज्याची पेन्शन ६,८५७ काढली, तो ऐंशी वर्षांचा होईल तेव्हा त्याच्या हातात आजच्या साधारण २,३५० रुपयांएवढाच किराणा येईल. आणि नेमका त्याच वयात त्याचा औषधांचा खर्च सर्वांत जास्त असेल. आकडा पाळला गेला. पण माणूस आकड्यावर जगत नाही. त्याला वचन दिले गेले ते म्हातारपणीच्या आधाराचे, आकडा ही ते वचन मोजण्याची सोय होती. मापच आखूड होत जाते हे माहीत असूनही त्याच मापाने मोजत राहणे, याला वचन पाळणे म्हणता येईल का? पूर्वी बलुतेदाराला धान्यात बलुते मिळत असे. त्या व्यवस्थेत अन्याय पुष्कळ होता, पण पायलीची शेर होत नव्हती.

या वचनाचे ओझे आणखी एका कारणाने वाढते. योजना सक्तीची होती. १९९५नंतर नोकरीला लागलेल्याला ‘माझे पैसे मी बँकेत ठेवतो’ म्हणायची मुभा नव्हती. काही कामगार संघटनांनी तेव्हाच विरोध नोंदवला होता, पण एकेका कामगाराला कोणी विचारले नाही. दोन माणसे समोरासमोर बसून सौदा करतात, तेव्हा नुकसानीची जबाबदारी दोघांची. एकाला नाही म्हणायचा अधिकारच नसतो, तेव्हा वचनाचा अर्थ त्याच्या बाजूने लावणे हे दुसऱ्याचे कर्तव्य ठरते. ‘तुम्ही सूत्र वाचायला हवे होते’ हे उत्तर त्याला देता येत नाही.

याविरुद्ध एक गंभीर आक्षेप आहे. वचन पाळायचे तर फंडात पैसे हवेत. न पेलणारे वचन देणे हाही अपराधच. अमेरिकेतल्या साउथ बेंडचा स्टुडबेकर मोटार कारखाना डिसेंबर १९६३मध्ये बंद पडला, तेव्हा तिथे युनियनने करारात मिळवलेली पेन्शन योजना होती. साठी गाठलेल्यांना पूर्ण मिळाले. चाळीस ते साठ वयाच्या चार हजारांवर कामगारांना हक्काच्या साधारण पंधरा टक्केच मिळाले, त्याहून तरुणांना काहीच नाही. फंड रिकामा होता. त्या घटनेच्या चटक्यातून तिथे १९७४मध्ये पेन्शनच्या संरक्षणाचा कायदा आला. आमच्याकडे फंड रिकामा नाही, याचे श्रेय सावधपणाला आहे, हे मान्य केले पाहिजे. उद्या आमची पेन्शन फंडातून दुप्पट केली आणि वर्गणी तीच ठेवली, तर बिल अंबडमधल्या पंचवीस वर्षांच्या पोराच्या नावावर फाटेल. त्याला दिलेले वचन मोडून आम्हाला दिलेले पाळायचे, हा न्याय नव्हे.

पण या आक्षेपातूनच गाठ कुठे आहे ते दिसते. पेन्शन गोठलेली आहे, तशी वर्गणीही गोठलेली आहे. २०१४ला पंधरा हजारांची मर्यादा आली, त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी तीच राहिली. या काळात करार झाले, पगार वाढले, मालाच्या किमती वाढल्या. मालकाचे पेन्शनपोटी १,२५० मात्र तेवढेच. सरकारचे १.१६ टक्केही त्याच पंधरा हजारांवर. म्हणजे ‘फंडात पैसे नाहीत’ हे निसर्गाने घडवलेले नाही, ती एक निवड आहे, आणि तिचा फायदा दरमहा कोणाला होतो हे उघड आहे. ज्यांनी खऱ्या पगारावर वर्गणी भरायची तयारी दाखवली, त्यांना त्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. ४ नोव्हेंबर २०२२च्या निकालाने १ सप्टेंबर २०१४ला नोकरीत असलेल्यांना पर्याय द्यायला आणखी चार महिने मिळाले. त्याआधी पर्याय न देता निवृत्त झालेले बाहेरच राहिले. एकाच शॉपमध्ये, एकाच मशीनवर आळीपाळीने उभे राहिलेले दोघे, एक ऑगस्टमध्ये निवृत्त झाला आणि एक ऑक्टोबरमध्ये. तारीख कुठेतरी आखावी लागते हे खरे. पण तारखेने कामाची किंमत बदलते असे त्या दोघांना कोणत्या तोंडाने सांगायचे?

माझे म्हणणे असे की आपण तिसरे वाक्य धरावे. वचनाचा दावा दयेसारखा हात पसरत नाही आणि बचतीसारखा शेजाऱ्याला विसरतही नाही. तो देणाऱ्याला बांधतो, आणि मागणाऱ्यालाही. मर्यादा वाढवा आणि पेन्शन महागाईला जोडा, असे मागायचे तर वर्गणी वाढेल हे पगाराच्या करारात आपणही मान्य केले पाहिजे. हातात येणारी वाढ थोडी कमी पडेल, हे पंचवीस वर्षांच्या पोराला समजावून सांगावे लागेल. मालकाने आणि सरकारने त्यांचा वाटा वाढवावा, असे तेव्हाच मोकळेपणाने म्हणता येईल.

आणि एक प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल. दहा वर्षांची ती रेघ. कायम कामगाराला ती कधी दिसली नाही, तो सहज ओलांडून गेला. आज सातपूर-अंबडमध्ये त्याच मशीनवर कंत्राटी पोरे आहेत. ठेकेदार बदलतो, खाते बदलते, मध्ये काही महिने घरी बसावे लागते. नऊ वर्षे झाली की आईच्या ऑपरेशनसाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी पेन्शन फंडातले पैसे काढून घेतले जातात, कारण दहा पूर्ण नसतील तर ते काढता येतात. मग दुसरीकडे आठ वर्षे. सतरा वर्षे राबून पेन्शन शून्य. सेवा जोडून घेण्यासाठी योजनेचे प्रमाणपत्र मिळते, पण ते मागायचे असते हे त्याला सांगणारे कोणी नसते. आम्ही आमच्या करारांत कंत्राटी पोरांना धरले नाही, आणि आता आमच्या उपोषणाला ती का येत नाहीत म्हणून आश्चर्य करतो.

त्यातला एक जण वडिलांच्या हयातीच्या दाखल्यासाठी त्यांना घेऊन आला होता. वडिलांच्या बोटांचे ठसे मशीनवर झिजलेले, अंगठा लागेना. शेवटी मोबाइलवर चेहरा दाखवून काम झाले. निघताना पोराने सहज विचारले, ‘काका, मला मिळेल का हो पेन्शन?’ मी त्याला खाती किती, ठेकेदार किती, मध्ये खंड किती, ते विचारले. त्याच्याकडे पगाराची स्लिपसुद्धा नव्हती. मी त्याला पुढच्या रविवारी सगळे कागद आणि खाते क्रमांक घेऊन यायला सांगितले, आणि येताना सोबतच्या पोरांनाही आण म्हणालो.